कुलूप शाबूत, टॅब गायब

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस पुसट झाल्या. ही मात्र पक्की लक्षात आहे, आणि आठवली की आजही डोकं तापतं.

परतवाड्याजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक सकाळीच ठाण्यात आले. ऑनलाइन अभ्यासासाठी मिळालेले दहा टॅब कपाटातून चोरीला गेले, अशी तक्रार. चावी शिपायाकडे असते, म्हणून संशय त्याच्यावर. त्याच्या निलंबनाचा कागद ते टाइप करूनच आले होते. त्या माणसाच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"एफआयआरची प्रत आजच भेटन ना, साहेब?" हे त्यांनी तीनदा विचारलं. चोर कधी सापडेल, हे एकदाही नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

स्टेशन डायरीत नोंद करून पंचनाम्याला गेलो. कपाटाचं कुलूप शाबूत. शिपायाला समोर बसवलं.

"चाबी तुमच्या कमरेले. मंग टॅबले पाय फुटले काय?"

"सरांले इचारा."

"मी तुम्हाला विचारतोय."

"सरांलेच इचारा, साहेब."

मला तो उर्मटपणा वाटला. चूक माझी.

भिंतीवर त्या ऑनलाइन अभ्यासाच्या तांत्रिक अटींची यादी डकवलेली होती. याद्या वाचायची मला जुनी खोड. टॅबची मेमरी, त्यातल्या प्रणालीची नवी आवृत्ती, स्थिर इंटरनेट, प्रत्येक मुलाचं वेगळं लॉगिन. प्रत्येक अटीपुढे 'होय'. इंटरनेटपुढेही 'होय', आणि माझ्या मोबाइलला तिथे रेंजची एक दांडी मिळेना!

संगणकाच्या मॅडमना विचारलं, "लॉगिनची नोंद राहते?"

"राहते ना. पण गच्चीवर चला, खाली रेंज नाही."

गच्चीवर त्यांनी मोबाइलवर नोंदी उघडल्या. दहाही टॅब त्याच सकाळी चालू झाले होते, आणि त्यांवर अपूर्णांकांचा धडा उघडला होता.

"चोर अपूर्णांक शिकून राहिले काय, मॅडम?"

त्यांनी नावं वाचली. "ही पोरं आपली नाहीत. आपल्याच संस्थेच्या अचलपूरच्या शाळेतली आहेत."

मुख्याध्यापकांना खाली एकट्याला बसवलं. पाच मिनिटं लागली.

"तिथले टॅब जुन्या आवृत्तीचे होते, साहेब. तपासणीपुरते उसने देले. मंग दोन्हीकडची तपासणी एकाच दिवशी लागली."

"मग तसं लिहायचं!"

"तपासणीच्या फॉर्मात उसन्याचा रकाना नाही. चोरीचा हाये. एफआयआरची प्रत जोडा म्हणते."

टॅब मोटरसायकलवर पोचवून आला होता शिपाईच.

"आधी बोलला काहून नाही?" मी त्याच्यावर ओरडलोच.

"सरांनी कोनाले सांगू नको म्हटलं होतं. म्हून तं म्हटलं, सरांले इचारा."

निलंबनाचा कागद मुख्याध्यापकांच्या हातानं फाडून घेतला, आणि शिपाई निर्दोष असल्याचा जबाब सही-शिक्क्यानिशी लिहून घेतला. खोट्या तक्रारीचा अहवाल वर पाठवला. त्यानंतर उरलेल्या नोकरीत चोर कोण हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, "ही प्रत जोडायची कुठं आहे?"

मी निघालो, तेव्हा शिपायानं कमरेची चावी सोडली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली.

"हे आता तुमच्यापाशीच राहू द्या, सर. माहे आठच महिने हायेत."