मोखाड्याची डिस्क

ठाण्याच्या कंपनीने मला फसवलं, आणि माझ्या हातून पाड्यांवरच्या आयांना फसवलं. कसं ते सांगतो.

जव्हारला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मोबाइल दुरुस्तीपासून सुरुवात केली, बाकीचं बघून आणि भांडून शिकलो. मुलांच्या तब्येतीवर काम करणाऱ्या एका संस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. संस्थेच्या ताई दर महिन्याला पाड्यांवर मुलांची वजनं घेतात आणि टॅबमध्ये भरतात. ती सगळी या सर्व्हरवर येतात, टॅबमध्ये काही उरत नाही.

सर्व्हरचा बॅकअप त्याच खोलीत ठेवून भागत नाही. आग लागली तर दोन्ही जातात. म्हणून बॅकअपची आणखी एक कॉपी रोज दुपारी आपोआप संस्थेच्या मोखाड्याच्या केंद्रावर जाईल, अशी सोय ठाण्याच्या कंपनीने बसवून दिली. याला कॉपी जॉब म्हणतात. रोज संध्याकाळी मला मेल यायचा: कॉपी जॉब मोखाडा, सक्सेस. वर हिरवी पट्टी.

पावसाळ्यात एका दुपारी गेलेली लाइट परत आली ती दुप्पट जोराने. यूपीएस जळाला, सर्व्हर जळाला, आतल्या दोन्ही डिस्क बॅकअपसकट गेल्या. संस्थेच्या डॉक्टर मॅडम धावत आल्या. मी म्हणालो, "मॅडम, चहा घ्या. मोखाड्याला सगळं सुखरूप आहे."

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलने मोखाड्याला गेलो. केंद्र सांभाळणारे भोये काका दारातच उभे होते. कॉपी ठेवायचा डबा त्यांनी कौलातून पाणी पडू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता.

"काका, हा मधे बंद नव्हता ना?"

"नाय बा. रोज सकाळी तुला फोन करून सांगतो ना, निळा दिवा लुकलुकतो म्हणून. एक दिस चुकवला नाय."

खरं होतं. मीच त्यांना ते काम लावलं होतं. डबा लॅपटॉपला जोडला. आत काही नाही. एक फाइल नाही.

"काका, दुसरा डबा आहे का?"

"एकच हाय. पायजे तर चुलीमागं बघ."

माझं डोकं चालेना. कॉपी झाली नसती तर मेल लाल आला असता. कोणी पुसली असती तर डब्यात नोंद राहिली असती. नोंदही नाही. वायर बदलली, पासवर्ड तपासला, डबा बंद करून चालू केला. काका म्हणाले, "दिवा तर हाय ना चालू? मग आत कसा नाय?" मीही तेच म्हणत होतो.

शेवटी जुने मेल एकेक वाचले. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: लागलेला वेळ, चाळीस सेकंद. मोखाड्याच्या नेटवर एक फोटो जायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे कॉपी होत होती, पण जव्हारच्या बाहेर पडत नव्हती. मग जात कुठे होती?

कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. निखिल त्याचं नाव.

"निखिल, कॉपी कुठे जायची?"

"मोखाड्याला, सर. रिपोर्टमध्ये नाव आहे ना."

"मी मोखाड्यातच बसलोय. डबा रिकामा आहे."

तो म्हणाला, "सर, सीड डिस्क तिकडे कोणी नेली?"

सीड म्हणजे पहिली कॉपी. ती इतकी मोठी असते की इथल्या नेटवरून पाठवायला महिने जातील. म्हणून ती जव्हारलाच एका डिस्कवर भरायची, डिस्क उचलून मोखाड्याला न्यायची, तिथे जोडायची आणि जॉबला नवा पत्ता द्यायचा. पुढे रोज फक्त बदल जातात. निखिलने डिस्क सर्व्हरच्या दुसऱ्या खणात भरली, तिला 'मोखाडा' नाव दिलं आणि घाट न चढता ठाण्याला गेला. मी ती स्पेअर डिस्क समजत होतो. मोखाडा नावाच्या डिस्कवर जव्हारलाच रोज कॉपी होत होती. सक्सेस खोटं नव्हतं.

"सर, डिस्क न्यायला दुसरी फेरी होती. ती तुम्हीच कॅन्सल केलीत."

मी भडकलो. घासाघीस मी केली होती हे खरं. "दोन फेऱ्यांचं मला सांगू नका, एकीत होत असेल तर बोला," असं म्हणालो होतो. त्यावर तो म्हणाला होता, "होईल, सर." होणार नव्हतं तर तेव्हा तोंड उघडायचं होतं. वर काम पूर्ण झाल्याच्या फॉर्मवर 'मोखाडा कॉपी तपासली' ही टिक त्याची. खाली सही माझी.

वजनं परत आली नाहीत. पुढच्या आठवड्यात वावरकडच्या एका पाड्यावर संस्थेच्या कुसुमताईंबरोबर नवा टॅब घेऊन गेलो. काटा लावला, एक पोरगी ठेवली, आकडा आला. ताई आईला म्हणाल्या, "मागल्या महिन्याला किती भरली होती गं?"

"काय ठावं. तुमीच लिवून नेलात ना?"

एका आकड्याने काही कळत नाही. वजन उतरतंय की चढतंय, ते मागच्या आकड्यावरून कळतं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी काट्याकडे बघत राहिलो.

तेव्हापासून मी हिरवी पट्टी बघत नाही. महिन्यातून एकदा मोखाड्याला जाऊन एक फाइल उघडून वाचतो. काकांनाही आता दिवा नाही, फाइलची तारीख विचारतो.

माझ्या तक्रारीला कंपनीचं उत्तर आलं: रिपोर्ट सक्सेस होता, फॉर्मवर ग्राहकाची सही आहे. सही मी नाकारत नाही. ती घेऊन मी त्या पाड्यावर उभा राहतो. टिक करणाऱ्याने आणि त्याच्या साहेबाने तिथे यावं, आणि त्या बाईला तोंडावर सांगावं, तिची पोरगी उतरलीय की चढलीय.