घोड मोठी की कुकडी?

घोड नदीची काळजी आमच्या समोरच्या कापडवाल्या शेठना जेवढी होती, तेवढी ती प्रत्यक्ष पावसालाही कधी नव्हती. घोडेगावच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान आणि माझा फोटो स्टुडिओ समोरासमोर होते. घराणं राजस्थानातलं, पण चार पिढ्यांपासून इथलंच; शेठना मारवाडी बोलता येई ते फक्त चिडल्यावर. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याचं नाव-गाव विचारण्याआधी ते पाणी विचारत. "पिंपरी पेंढारचे का? म्हणजे तुमचं पाणी कुकडीला. बसा, बसा." मग साडी राहायची बाजूला आणि पुष्पावती कुकडीला कशी मिळते, मीना वळसे घेत घोडकडे कशी येते, घोड सगळ्यांना पोटात घालून भीमेला कशी जाते, हे सगळं गादीवर लुगड्यांच्या घड्या टाकून दाखवलं जायचं. हिरवं लुगडं मीना, जांभळं कुकडी. घोडसाठी मात्र जरीचा शालू निघे. सुट्टीच्या दिवशी कापड मोजायचा लोखंडी गज खांद्यावर टाकून ते एखाद्या ओढ्याची खोली मोजायला निघत आणि सोबत मला नेत. त्यांच्यापुढे ओढ्याला ओढा म्हणायची सोय नव्हती. "उपनदी म्हना हो, फोटोवाले! लहान हाय म्हनून काय झालं?" एकदा आम्ही सगळे लेण्याद्रीला गेलो. बाकीचे पायऱ्या चढून दर्शनाला गेले. शेठ अर्ध्या वाटेत पाठ फिरवून खालच्या खोऱ्यातली कुकडीची वळणं बघत उभे. मी हाक मारली तर म्हणाले, "तुमी व्हा पुढं. लेणी काय आज पळून जात न्हाईत."

असा माणूस मुलीचं लग्न कसं जमवणार, ही शेठाणींची रात्रंदिवसाची काळजी. धाकटी सोनल बी. कॉम. झालेली, बापासारखीच बोलकी, पण डोकं आईचं. जुन्नरच्या एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा बघायला आला. शेठनी शिक्षण विचारलं नाही, धंदा विचारला नाही. एकदम म्हणाले, "तुमच्याकडं पाणी कुठलं?"

"नळाचं," मुलगा म्हणाला.

शेठचा चेहरा असा पडला की शेठाणींनी पडद्याआडून खाकरून सावध केलं. तेवढ्यात मुलाचे वडील म्हणाले, "कुकडीचं पाणी आहे आमचं. तुमच्या घोडपेक्षा मोठी नदी." झालं! शेठ गादीवरून उठलेच. "मोठी? अहो, कुकडी घोडला मिळते. घोड कुकडीला न्हाई! म्हंजे मोठी कोन?" त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मिळते म्हणून काय झालं? पाणी कुणाचं जास्त ते बघा." वाद पाऊण तास चालला, आणि त्या अवधीत मुलाचं आणि सोनलचं आपापसांत ठरूनही गेलं.

साखरपुडा थंडीत, घोडेगावातच, नदीजवळच्या कार्यालयात होता. जैनांचं कार्य, सूर्य मावळल्यावर अन्नच काय, पाण्याचा थेंबही नाही. म्हणून दुपारी विधी आणि उन्हं उतरायच्या आत पंगत असं ठरलं होतं. पाहुण्यांना यायला उशीर झाला, गुरुजी आणखी उशिरा आले, आणि त्या रिकाम्या वेळात शेठ व्याह्यांना म्हणाले, "चला, घोड दाखवतो." मी कॅमेरा गळ्यात अडकवून मागोमाग.

थंडीतली नदी ती. धोंड्यांमधून पाणी नुसतं झिरपत होतं. सफारीतले व्याही हसले. "ही का ती? ही तर मी बूट न काढता ओलांडतो." आणि खरंच, धोंड्यांवर पाय देत पलीकडे गेले. शेठच्या जिव्हारी लागलं. "थांबा, पलीकडचा डोह दावतो!" म्हणत तेही गेले. इकडे धुणं धुणारी बाई पिळे गोळा करून घाईनं वर येत होती. ती ओरडली, "शेठ, धरनाचं पानी सोडलंय! सकाळीच दवंडी झाली न्हवं का? वर व्हा!" सकाळी शेठ आचाऱ्याच्या मागे होते. दवंडी कोण ऐकणार?

पाणी आलं. आधी फेस, मग काटक्या, मग बघता बघता धोंडे दिसेनासे झाले. व्याह्यांचा चेहरा पांढराफटक, आणि शेठ? शेठ पलीकडच्या काठावर अक्षरशः नाचत होते. "बघा! बघा आमची घोड! आता ओलांडा बुटानं!"

कार्यालयातून सोनल धावत आली. "पप्पा, दिवस बुडायला आलाय! सगळे उपाशी राहतील. पंगत बसवू का?"

"बसव, बसव! आमची वाट बघू नगो! पानी बघितलंस का पोरी?"

मी स्कूटर काढली आणि लांबच्या पुलावरून वळसा घालून पलीकडे पोहोचलो. तोवर सूर्य गेला होता. व्याही पाठ करून उभे होते. शेठ माझ्याजवळ आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज बसलेला ऐकला. "फोटोवाले, माझ्या येडेपनानं पोरीचं मोडलं का हो?"

मी स्कूटर वळवून उभी केली. तिघे स्कूटरवर बसलो; मधे व्याही, मागे शेठ. पुलाच्या मध्यावर व्याही म्हणाले, "थांबवा." उतरून ते कठड्याशी गेले. खाली पाणी गरजत होतं. बराच वेळ बघून म्हणाले, "आमची कुकडी अशी दांडगाई करत येत नाही."

"मग कशी येती?" शेठनी दबकत विचारलं.

"सावकाश येते. पण लई दिवस टिकते."

"टिकते? आवो, माणिकडोहाचं धरन न्हाई का? त्येच्यामुळं टिकते!"

"आणि तुमच्या डिंभ्याच्या धरणाचं काय मग?"

दोघे उपाशी बाप कठड्यावर हात आपटत भांडू लागले, आणि माझा जीव भांड्यात पडला. कार्यालयात पोहोचलो तेव्हा पाहुणे तृप्त होऊन गप्पा मारत बसले होते. त्या रात्री मी काढलेल्या फोटोंत अंगठी घालणारी मुलं बाजूला आहेत; मधोमध दोन व्याही एकमेकांकडे बोट रोखून उभे आहेत.

पुढे शेठाणी गेल्या. शेठचे गुडघे गेले. थोरल्या मुलानं त्यांना पुण्याला आपल्या फ्लॅटवर नेलं. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. शेठनाही मोबाईल आला, आणि अधूनमधून मला फोन येऊ लागला. तब्येत, पोरंबाळं, सगळं दोन वाक्यांत उरकून ते म्हणत, "कुठं हायसा? पुलावर जाता का जरा?"

मी जात असे. फोन कठड्याबाहेर धरत असे. एकदा श्रावणात नदी दुथडी भरली होती. फोन धरला आणि नेमका मागून टोमॅटोचा टेम्पो आला. फोनमधून बारीक आवाज आला, "जाऊ द्या त्याला. आपल्याला घाई न्हाई."

टेम्पो गेला. मी कठड्यावर ओणवा झालो आणि फोन धरलेला हात जाईल तितका खाली सोडला.