अकरा पत्रं आणि एकच उत्तर

आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला, तेव्हा त्याने सहा आठवडे रजा काढून तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. टॅबलेटवर टाइप करायचं, बटण दाबायचं, की यंत्र ते बोलून दाखवायचं. आवाज कुठला, तर फुकट मिळाला तो. सपाट, जरा खरखरीत, 'र' आला की अडखळणारा. आईची तक्रार नव्हती. पुढची दोन वर्षं तिने त्याच आवाजात मुलाला केस कापायला पिटाळलं, सुनेची बाजू घेतली आणि शेजारणीशी मनसोक्त भांडून घेतलं.

आई गेल्यावर त्याने प्रोग्राम इंटरनेटवर ठेवून दिला. लागेल त्याने घ्यावा. घेणारे निघाले, शंका विचारू लागले, आणि बघता बघता दीडदोनशे जणांचा गट जमला. बिघडलं की हाच दुरुस्त करणार, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणू लागले. दर शनिवारी सकाळी मिस्त्री चहा घेऊन खिडकीपाशी बसे आणि आलेल्या एकूणएक ईमेलला उत्तर देई.

"माझ्याशी चार शब्द बोलायचं तुझ्या जिवावर येतं," बायको म्हणायची, "आणि तिकडे पानंच्या पानं!"

गटात एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांचाही आवाज घशाच्या आजारातच गेलेला. ड्रायव्हरकाका नवी आवृत्ती सगळ्यांच्या आधी वापरून बघत आणि चुका अशा कळवत की वाचताना हसू फुटावं. 'मिस्त्री, तुमच्या तयार वाक्यांत "अहो, जरा ऐका" आहे, "अगं" कुठेच नाही. बत्तीस वर्षांत मी बायकोला अहो म्हटलेलं नाही. आता ती डोक्यावर बसली तर जबाबदारी तुमची!' मिस्त्रीने त्याच दिवशी 'अगं' घातलं.

मग व्याप वाढला. वापरणारे हजारांवर गेले, मदतीला पाच जण आले. त्यांतली सगळ्यांत हुशार मुलगी एकदा स्पष्टच म्हणाली, "सर, तुम्ही पत्रांत अडकलात तर काम कधी व्हायचं?" तिचं चूक नव्हतं. तिने एक आपोआप जाणारं उत्तर लावून दिलं: 'आपला संदेश मिळाला. लवकरच संपर्क करू.' मिस्त्रीने आधी एक शनिवार चुकवला, मग महिना. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी त्यांनी नवा आवाज आणला. एका तरुणाचा, गोड, स्वच्छ, कुठेही न अडखळणारा. जुना आवाज नव्या यंत्रांवर कटकट करत होता, म्हणून काढून टाकला. प्रोग्राम आपोआप नवा व्हायचा, त्यामुळे कुणाला काही करावं लागलं नाही. कुणाला काही विचारलंही नाही.

दीड वर्षाने त्याला एका परिषदेत बोलायला बोलावलं. विषय होता, वापरणाऱ्यांशी नातं कसं जपावं. भाषणात सांगायला दोनचार गमतीदार किस्से हवेत, म्हणून त्याने ईमेलची जुनी पेटी उघडली आणि ड्रायव्हरकाकांचं नाव शोधलं. न वाचलेली अकरा पत्रं होती.

पहिल्यात नेहमीची थट्टा होती: 'मिस्त्री, माझ्या तोंडी हा कोणाचा जावई बसवलात?' चौथ्यात थट्टा नव्हती. नात चार वर्षांची आहे, जुना आवाज म्हणजेच आजोबा असं ती समजते, तो परत मिळेल का, एवढंच. अकराव्यात एकच ओळ होती: 'मिस्त्री, बरे आहात ना?'

त्या शेवटच्या पत्रालाही दहा महिने होऊन गेले होते. पत्राखाली नंबर होता. त्याने तिथल्या तिथे फोन लावला. काकूंनी उचलला. काका जाऊन पाच महिने झाले होते.

रविवारी तो त्यांच्या घरी गेला. दोन खोल्या, भिंतीवर डेपोच्या निरोप समारंभाचा फोटो. काकूंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"नवा आवाज लागला आणि पोरगी घाबरली," त्या म्हणाल्या. "'हा कोण बोलतोय?' म्हणून माझ्यामागे येऊन लपली. यांनी दोनतीनदा बघितलं आणि यंत्र कपाटात टाकलं. मग पाटीवर लिहायचे. मला वाचता यायचं. तिला कुठलं येतंय? मग दोघं नुसती शेजारी बसायची."

"काकू, मी पत्रं वाचलीच नाहीत," तो म्हणाला.

"पण उत्तर तर लगेच यायचं हो! पहिल्यांदा आलं तेव्हा हे किती खूश. मला दाखवलं, बघ, मिस्त्री करणार म्हणून. दुसऱ्यांदाही तेच आलं, तिसऱ्यांदाही तेच. मी चिडले, तर हेच मला गप्प करायचे. लिहायचे, कामात असेल गं."

त्याने बॅगेतून टॅबलेट काढला. जुना आवाज त्याने परत बसवून आणला होता. सगळं मिळून दोन दिवसांचं काम निघालं होतं.

काकूंनी टॅबलेटला हात लावला नाही. "राहू दे," त्या म्हणाल्या. "पोरगी आता कुठे विचारायची थांबलीये."

परिषदेला येणार नाही असं त्याने कळवलं. आपोआप जाणारं उत्तर बंद केलं, जुना आवाज सगळ्यांसाठी परत ठेवला, आणि पेटीतली राहिलेली तीनशेचाळीस पत्रं पहिल्यापासून वाचायला घेतली. प्रत्येकाला स्वतः लिहिलं. कितीतरी ईमेल पत्ता बंद म्हणून परत आले. काहींनी आता दुसरंच काही वापरतो असं कळवलं. काहींनी इतक्या मायेने लिहिलं की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

एका बाईने लिहिलं, 'आम्हाला वाटलं, तुम्ही गेलात.'

त्याने उत्तरादाखल मोठा खुलासा टाइप केला. वाचला, पुसला. मग लिहिलं, 'नाही. इथेच होतो.'