आहेराची यादी भिंतीवर

माझ्या मुलाच्या लग्नातल्या आहेराची यादी माझ्या नणंदेनं लग्नाच्या पंधरा दिवस आधी वाचली. भिंतीवर. वीतभर अक्षरांत.

दोष माझाच. आमच्या खासबागेतल्या एका शाळेत दर शनिवारी पाचवीची मुलं पन्नाशी ओलांडलेल्यांना कॉम्प्युटर शिकवतात. मी नाव घातलं आणि एकटीनं कशाला जायचं, म्हणून शेजारच्या गल्लीतून आक्कांनाही ओढून नेलं. (आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. नवरदेवाची एकुलती एक आत्या! त्या रुसल्या तर अक्षता पडत नाहीत, हा आमच्या घरचा कायदा.)

आमची टीचर सानिका. वय दहा, वेण्या दोन, दया शून्य.

"घरी रोज उपयोगी पडेल अशी एक यादी टाइप करून आणायची. पेन ड्राइव्हवर. विसरलो म्हणायचं नाही!"

आता आहेरात आलेली साडी आपण नेसतो असं कुणाला वाटत असेल, तर तो भाबडा माणूस. ती घडी न मोडता कपाटात ठेवायची आणि पुढच्या कार्यात पुढं सरकवायची. हे सगळ्या घरांत चालतं आणि एकाही घरात कबूल होत नाही. जपायचं एवढंच, की जिची साडी तिच्याकडे परत जाऊ नये. त्यासाठी मी वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवायची. या खेपेला म्हटलं, कॉम्प्युटरवरच टाकू. प्रगती!

शनिवारी सानिकानं माझा पेन ड्राइव्ह लावला आणि प्रोजेक्टर सुरू केला. बाकीच्यांनी किराणा, देवपूजेचं सामान असं काहीबाही आणलं होतं. माझी यादी भिंतीवर आली आणि मी माऊसकडे झेपावले.

"टीचर, बंद कर गं!"

"काकू, माऊसला हात लावायचा नाही." तिनं माझा हात बाजूला केला. "मागच्यांना दिसतंय का? नाही? अक्षर मोठं करते." केलं! वर ठळकही केलं!

"चष्मा विसरलोय," मागून एक आजोबा म्हणाले. "वाचून दाखव की बाळ."

आणि त्या पोरीनं प्रार्थनेला वाचतात तसं खणखणीत वाचलं, "आक्का. कोगनोळीच्या मावशीनं दिलेली जांभळी. पदराला डाग आहे, पण आतल्या बाजूनं. चालेल."



"चालंल?" आक्का उठल्या. "सख्ख्या आत्याला डागाची साडी चालंल? मी येत न्हाय लग्नाला! आन् कोगनोळीची कशानं गं? ती तर मी तुझ्या मावशीला दिलती!"

"म्हणजे तुम्हीपण सरकवलीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

आक्का क्षणभर गडबडल्या. पण क्षणभरच. "व्हय, सरकवली! डागाची व्हती म्हणून सरकवली! आन् मला कुणी दिलती? तूच! तुझ्या वास्तुशांतीला. हळदीकुंकू लावलंस आन् तसल्याच हळदीच्या हातानं साडी दिलीस. तो डाग तुझ्याच बोटाचा हाय, सुमन!"

आजोबा चष्म्याशिवायही मला नीट बघू लागले.

"आक्का, चुकलं. पण लग्नाला या. तुमच्याशिवाय कसं व्हायचं?"

"येते. पण एका बोलीवर. मला नवी इरकल पायजे. आन् ती जांभळी तू नेसायचीस. मांडवात. सगळ्यांम्होरं."

"शिक्षा दोघींत भांडून ठरवू नका," सानिका म्हणाली. "काकू, टायपिंग छान आहे. पाचपैकी पाच. सगळ्यांना एकेक प्रिंट काढून देऊ का?"

लग्न झालं. आक्का करकरीत इरकल नेसून पहिल्या रांगेत होत्या. मी वरमाय, अंगावर जांभळी. फोटोत डाग कुठंच दिसत नाही. खरोखर आतल्या बाजूनंच होता. माझ्या त्या अख्ख्या यादीत तेवढी एकच गोष्ट बिनचूक निघाली.