मरळीचं माहेर

माशांच्या बाळंतपणात इतका गुंतलेला माणूस आमच्या सौभाग्यवतींच्या मामांखेरीज अख्ख्या प्रवराकाठी झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी माझ्या सासूबाईंची, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीची इच्छा आहे. देवळाली प्रवराच्या अलीकडे, उसात बुडालेल्या एका वस्तीवर मामा एकटे राहत. डोहातली मरळ पावसाळ्यात ओढ्याने वर सरकते, उथळ पाण्यात गवत सारून जागा करते आणि अंडी घालते, एवढं तिथलं कोणीही सांगेल. मामा मात्र ती आत्ता कुठवर आली हेही सांगत, आणि तेसुद्धा घरात बसून. चहाची बशी ओठाशी नेता नेता ते थबकायचे आणि म्हणायचे, "बाभळीपाशी आली. दमली हाय." मरळ मधूनमधून वर येऊन हवा घेते, त्याचा 'टप्प' असा आवाज होतो. बोलता बोलता तसाच हवेचा घोट घ्यायची सवय मामांनाही लागली होती. समोर बसलं की हसू यायचं आणि अंगावर काटाही.

त्या दिवसांत घरात मरळ हा शब्द उच्चारायचा नाही, 'लेक' म्हणायचं. एकदा त्यांनी सासूबाईंना फोन केला, "आक्का, लेक निघाली. दिस भरल्यात तिचं." मामांना मूलबाळ नाही. तरी सासूबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन एसटीत बसल्या, कारण दिवस भरलेत म्हटल्यावर लेक कोणाची हे विचारत बसायचं नसतं. मामांनी त्यांना चिखल तुडवत ओढ्यावर नेलं आणि पहिला लाडू पाण्यात सोडला. सासूबाई पुढे कितीतरी महिने भावाशी बोलल्या नाहीत. लाडवांविषयी मात्र रोज बोलल्या.

ओढा घराच्या पुढे आणि पाणथळ जागा घराच्या मागे, म्हणून पावसाळाभर मामांची दोन्ही दारं सताड उघडी असत. ओल्या जमिनीवरून मरळ सरपटत जाते हे मलाही ठाऊक होतं, पण तिने माणसांच्या घरातूनच का जावं, असं मी विचारलं. "ती जुन्या वाटंनं जाती. घर आपन आडवं बांधलंय," मामा म्हणाले आणि दारातल्या माझ्या चपला त्यांनी पायाने बाजूला सारल्या. त्याच दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर आडवा झालो होतो. डोळा लागतो न लागतो तोच पायावरून काहीतरी गार, ओलं, सावकाश गेलं. मी श्वास रोखून पडून राहिलो. डोळे उघडले तेव्हा पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक ओली रेघ होती आणि मामा भिंतीला टेकून हात जोडून बसले होते. "हालला न्हाईत त्ये बेस केलं, जावईबापू." मी त्यानंतर त्या घरात खाटेखेरीज कुठे झोपलो नाही.

या वेडाचं मूळ आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मामी अडल्या तेव्हा ओढ्याला पूर होता, जीप पलीकडेच अडकली. पोटातल्या पोरीसकट मामी गेल्या. मामा त्याविषयी कधीच बोलत नसत. पिल्लांची राखण करणाऱ्या मरळीच्या नराचं मात्र भारी कौतुक करत, "त्यो राखन बसतो. मानूस निस्तं पेढं वाटतो."

गेल्या वर्षी ओढा खोल आणि सरळ करायला जेसीबी आला. मागची पाणथळ जागा बुजवून तिथे ऊस लागला. मामा यंत्रापुढे उभे राहिले, "पोरी कुठं जातील माज्या?" यंत्रवाल्याला वाटलं म्हातारा लग्न झालेल्या मुलींचा हिस्सा मागतोय, त्याने त्यांना तलाठ्याकडे जायला सांगितलं. पाऊस लागला आणि मामांनी अंथरूण धरलं. राहुरीच्या दवाखान्यात ते एकच विचारत, "दार उघडं हाय न्हवं?" शेजाऱ्यांनी तर घराला कुलूप घातलेलं.

शेवटी मी आणि सौ. किल्ली घेऊन गेलो. भर दुपारी आभाळ अंधारून आलं होतं. ओली रेघ ओढ्यापासून बंद दारापर्यंत आलेली. उंबऱ्याशी जेमतेम बोट जाईल एवढी फट. मी कुलूप काढलं, तर रेघ तशीच पुढे, आत. स्वयंपाकघरातून ती मागच्या दारापर्यंत गेली होती, आणि त्या दाराला आतून कडी होती. कडी सौ.ने काढली. मागे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळूचं आळं पावसाने तुडुंब भरलं होतं. टप्प. पानांखाली लाल पिल्लांचा घोळका वळवळत होता आणि त्यांच्याखाली एक लांब काळी सावली हलत नव्हती.

"आली, मामा," दवाखान्यात परतल्यावर सौ. त्यांच्या कानाशी म्हणाली. "सुखरूप सुटली. पोरंबी झालीत."

मामांनी हवेचा एक घोट घेतला. "मंग आता दार लोटून घ्या. बाळंतिनीला वारं लागंल."

त्याच आठवड्यात मामा गेले. घराची किल्ली आता आमच्याकडे असते. यंदाही पाऊस लागल्यावर आम्ही दोघं तिथे गेलो आणि दोन्ही दारं उघडून बसलो. सासूबाईंनी न विचारता लाडवांचा डबा दिला होता. दारातल्या चपला मी स्वतःच बाजूला सारल्या.