उजवे वेढे

मोटारी भरण्याच्या कामात त्याचा हात धरणारं त्या रस्त्यावर कोणी नव्हतं. जळलेला पंखा असो की दम सोडलेला पंप, आतली काळी पडलेली तार तो उपसून काढायचा, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे घालायचा, वार्निश पाजायचा आणि मोटार परत बोलती करायचा. रस्त्यावर सगळे त्याला वाइंडर म्हणत. थोरली बहीण तेवढी अजून भोवऱ्या म्हणे. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव साठी उलटली तरी सुटलं नव्हतं, आणि ते नाव घेणारं ती सोडून आता कोणी उरलंही नव्हतं.

लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे मोरी, पुढे खिडकीखाली हातभर रुंदीची मातीची पट्टी. एवढ्या संसारात तो आणि त्याच्या सवयी असे दोघं सुखाने नांदत होते. त्यात ताई आली.

तशी ती आपल्या मुलाकडे असायची. तिथे तिला कोणी उणं बोलत नव्हतं. फक्त तिची कॉट होती जाण्यायेण्याच्या बोळात, एका अंगाला फ्रीज आणि दुसऱ्या अंगाला चपलांचं कपाट. फ्रीज उघडायचा तर ताईला पाय वर घ्यावे लागत. वाइंडर एकदा भेटायला गेला होता. दूध काढायला सून आली, ताईने बोलता बोलता पाय वर घेतले, दार लागल्यावर खाली सोडले आणि तिच्या बोलण्यात एका शब्दाचाही खंड पडला नाही. ते पाहून त्याने अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

"माझ्याकडे चल," तो म्हणाला.

"एका म्यानात दोन तलवारी?"

"गंजलेल्या आहेत आता दोन्ही. चल."

ती आली, पण पिशवी रिकामी करून कपाटात कपडे लावले नाहीत. लागेल तसं एकेक लुगडं वरून काढायची आणि धुऊन वाळलं की परत पिशवीत. वाइंडरला ते दिसत होतं. पहिल्या आठवड्यात खटके उडाले ते अगदी चहाच्या कपावरून. ताई डावखुरी. धुतलेले कप ती कान डावीकडे करून मांडायची, हा उजवीकडे करायचा. दिवसभर ते कप फळीवर इकडून तिकडे माना वळवत राहिले. शेवटी वाइंडरने तह मांडला.

"ताई, एक ठरवून टाकू. तुझ्या कामात मी बोलणार नाही. माझ्या कामात तू बोलायचं नाहीस. मग जग बुडालं तरी."

"जग बुडालं तरी," ताई म्हणाली. ती शब्दाची पक्की होती, हे तो विसरला.

खरी अडचण निघाली ती खिडकीची. ताईचा जीव विणकामात. दिवसा खिडकीशी बसून विणायचं, आणि एक टाका चुकला की वीतभर उसवून पुन्हा घालायचा, अशी तिची रीत. "जित्याची खोड," असं ती स्वतःच म्हणायची. पण खिडकीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, वेल्डरचं दुकान. तो कामाला लागला की निळापांढरा लखलखाट सरळ तिच्या डोळ्यांत. दुपारपर्यंत तिचे डोळे लाल होऊन पाणी गाळू लागत. पडदा लावावा तर खोलीत अंधार, सुई दिसेना.

"त्या बिचाऱ्याने काय दुकान गुंडाळावं?" ताई म्हणाली. "मी आपली जाते तिकडे. बोळात अंधार असला तरी ट्यूबलाइट आहे."

मग ताईनेच बटणांचा डबा उघडला. मुलाच्या कॉलनीच्या कुंपणावर गारवेल होती, सकाळी निळी उमलायची आणि दुपारी मिटायची. तिच्या बिया येताना तिने डब्यात टाकल्या होत्या, बटणांत बटणं म्हणून. काळ्या, तीन कडांच्या, दगडासारख्या टणक. पानं दाट येतात, उजेड गाळून आत सोडतात, असं तिचं म्हणणं.

"झालं तर मग. वेलच लावू," वाइंडर उठलाच. "मी लावतो."

"लाव. वेल खिडकी झाकेपर्यंत राहते मी. झाकली तर बघू. नाही झाकली तर माझी कॉट काही कोणी उचलून नेलेली नाही."

आता हे काम वेलीचं राहिलं नाही. त्याने ते दुकानातल्या कामासारखंच अंगावर घेतलं. बी टणक असेल तर जरा घासून भिजत घालावं, एवढं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. तारेचं टोक जोडायचं तर त्यावरचा लेप खरवडून तांबं लख्ख करावं लागतं. तोच हात त्याने बियांवर चालवला. पॉलिश पेपरने चारी बाजूंनी घासून घासून पार पांढऱ्या केल्या, रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि पेरल्या. सगळ्या कुजल्या. मातीत बोट घातलं तर पिठासारखं काहीतरी हाताला लागलं. ताई दारात उभी होती. तिने एकदा मातीकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि आत जाऊन कुकर लावला.

उरलेल्या बियांची एकच कड त्याने जेमतेम घासली. त्या उगवल्या. पहिली पानं मधोमध कातरल्यासारखी दुभागलेली होती. तो दुकानात जाताना वाकून बघायचा आणि येताना वाकून बघायचा.

वेल्डरने एक वाकडी लोखंडी चौकट दिली, ती खिडकीभोवती ठोकूनही दिली. "काका, माझ्याच तोंडावर पडदा टाकताय, आणि त्याची काठीही माझीच," तो म्हणाला, पण हसत. वाइंडरने चौकटीत खालून वरपर्यंत तारा ताणल्या, बोटाने छेडल्या तर सूर निघेल अशा. वेल गुडघ्याएवढी झाली आणि शेंड्याने आधार चाचपू लागली, तेव्हा त्याने तो शेंडा अलगद उचलून तारेभोवती गुंडाळला. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, उजवीकडून, एकसारखे वेढे. सुतळीने बांधला नाही. वेढा नीट बसला की गाठ लागत नाही आणि गाठ मारणारा वाइंडर कच्चा, हे तो दुकानात सगळ्यांना ऐकवत आला होता.

संध्याकाळी परत आला तर शेंडा सुटून लोंबत होता.

वारा असेल, असं म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी जरा घट्ट वेढे घातले. संध्याकाळी परत तेच. तिसऱ्या दिवशी एक फांदी तर सुटून शेजारच्या तारेला भलत्याच बाजूने लागली होती, कोणी मुद्दाम उलटी घालावी तशी. हे चाललंच. रोज सकाळी तो गुंडाळायचा, रोज संध्याकाळी उलगडलेलं. वेल वाढत होती, पण वर चढायच्या ऐवजी खिडकीच्या पायथ्याशी तिचा गुंता होऊन बसला. वरच्या तारा उघड्याच. लखलखाट आत येतच होता.

वाइंडरच्या मनात पाल चुकचुकली. दिवसभर घरात असतं कोण? उसवायची खोड कोणाला? डावा हात कोणाचा? आणि खिडकी झाकली नाही तर पिशवी उचलायला मोकळं कोण? एकेक गोष्ट दुसरीला जोडून तो मोटार भरतो तशी मनाशी भरत गेला, आणि सर्किट पूर्ण झालं. तिला राहायचंच नाही. तोंडावर सांगता येत नाही म्हणून वेलीवर काढते आहे.

त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "जायचं तर सरळ सांगावं माणसाने."

"कोण जातंय?"

"वेल कोण सोडवतं रोज?"

ताईचा घास हातातच राहिला. "मी?"

"मग काय वेल्डर येतो पलीकडून? तुला राहायचं नाही. नको राहूस. पण तिच्यावर का राग काढतेस? मुक्या जिवाने तुझं काय घोडं मारलंय?"

ताईने ना आवाज चढवला, ना डोळ्यांना पदर लावला. ताट घासून ठेवलं, कप पुसला आणि फळीवर ठेवला. कान उजवीकडे करून, भावाला हवा तसा. मग मुलाला फोन लावला. "उद्या संध्याकाळी ये रे मला न्यायला. नाही, तब्येत ठणठणीत आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. वाइंडरने सकाळी उठून वेलीला पुन्हा वेढे घातले आणि "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडला. गेला कुठे, तर समोर वेल्डरकडे. पत्र्याच्या आडोशाला स्टूल टाकून बसला. ताईला रंगेहाथ धरायचं, म्हणजे भाच्यासमोर बोलायला तोंड राहील, असा त्याचा हिशेब.

"काका, चोर कधी येतो म्हणालात?" वेल्डरने विचारलं. "म्हणजे तेवढा वेळ मशीन बंद ठेवतो. साक्षीदार म्हणून."

"तू तुझं काम कर."

ताई खिडकीशी आलीच नाही. मागच्या खोलीत तिचं आवरणं चाललं होतं. मोरीशी गेली, आली, तेवढीच उघड्या दारातून दिसली. वाइंडरची नजर वेलीवर. बराच वेळ काही घडलं नाही. मग त्याला वाटलं, मघाशी तो वरचा शेंडा आपल्याकडे बोट केल्यासारखा होता, आता पाण्याच्या पाइपाकडे आहे. डोळे चोळले. वारा नव्हता, दोरीवरचा फडका हलत नव्हता. चहा आला, पिऊन झाला. शेंडा भिंतीकडे. आणखी काही वेळाने पाइपाच्या पार उलट बाजूला. शेंडा फिरत होता. आंधळ्याने हात फिरवून दार शोधावं तसा गोल फिरत होता, आणि फिरत होता तो घड्याळाच्या उलट. सकाळी घातलेला सगळ्यांत वरचा वेढा त्या फिरण्याने सैल झाला, मग तारेपासून सुटला, मग खाली आला. कोणाचा हात लागला नाही. दुपार व्हायच्या आत वेलीने त्याचं सकाळचं काम उलगडून टाकलं आणि स्वतःच्या बाजूने तारेला मिठी घालायला सुरुवातही केली.

जन्मभर वाइंडरने उजवे वेढे घातले होते. झाकण, नळ, स्क्रू, सगळं उजवीकडे आवळतं. वेलही तशीच असणार, हे त्याने विचारात घेतलंच नव्हतं. हातानेच परस्पर ठरवून टाकलं होतं.

"पकडला का चोर?" वेल्डरने तोंडावरची काच वर करून विचारलं.

"पकडला."

"मग?"

"हातकडी घालता येत नाही त्याला."

घरात ताई पिशवीची चेन लावत होती. वाइंडर दारात उभा राहिला, आत आला, फळीपाशी गेला, तिथून खिडकीपाशी.

"वेल आपली आपणच सुटते," तो म्हणाला. "उलटी फिरते ती."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा गुंडाळलीस त्या दिवसापासून. इथेच तर बसलेली असते मी. दिसत नाही का मला?"

"मग सांगायचं नाहीस?"

"जग बुडालं तरी बोलायचं नाही, हे कोणी ठरवलं होतं?" ताई पिशवीवर हात ठेवून बसली. "बिया खरवडल्यास तेव्हाही जीभ चावून गप्प राहिले. वाटलं, बोलले तर म्हणशील, आली आणि डोक्यावर बसली. दुसऱ्याच्या घरात राहायचं म्हणजे तेवढं जमवावं लागतं."

"हे दुसऱ्याचं घर आहे?"

त्याला माफी वगैरे मागायची सवय नव्हती आणि मागितली असती तर तिलाच अवघडल्यासारखं झालं असतं. त्याने खिडकीचा गज धरला आणि खाली पाहिलं.

"खालचा सगळा गुंता सोडवावा लागेल," तो म्हणाला. "तूच सोडव. उसवण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. आणि वर तूच चढव. माझा हात उजवीकडेच जातो, कितीही सांगितलं तरी."

"म्हणजे तुझ्या कामात मी हात घालायचा?"

"घाल. आणि बोलतही जा."

ताई बाहेर खिडकीखालच्या मातीच्या पट्टीपाशी जाऊन बसली. उन्हात डोळे बारीक करून तिने गुंत्यातलं एकेक टोक शोधलं, लोकरीच्या गुंड्यातून शोधतात तसं. डाव्या हाताने शेंडा उचलला आणि तारेला घातला. तो बसला आणि बसूनच राहिला. चार तारा झाल्या तेव्हा ती म्हणाली, "भोवऱ्या, पाणी कमी घालतोस. आणि ती माती उकरून सारखी बघत जाऊ नकोस."

"बरं."

"आणि मोरीतला नळ गळतो."

"बरं म्हटलं ना."

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा ताईच्या हाताला माती होती. "आलास ते बरं झालं," ती म्हणाली. "चहा घे. आणि पुढच्या खेपेला माझी लोकरीची पेटी घेऊन ये, कॉटखालची. मोठी."

"आणि कॉट?"

"तिथे फ्रीज जरा सरकवून घ्या. दार नीट उघडेल."

पाऊस सरता सरता वेल चौकटीच्या वर गेली. वेल्डर मशीन लावतो तेव्हा खोलीत आता फक्त हिरवट उजेड थरथरतो, आणि ताई मान वर न करता टाके मोजते. फुलं सकाळी निळी उमलतात. वाइंडर दुकानात जायच्या आधी खिडकीशी थांबून बघतो. एखादा शेंडा तारेपासून सुटून हवेत चाचपत असतो, आणि त्याचे हात शिवशिवतात. मग तो दोन्ही हात खिशात घालतो आणि कामाला जातो.