मागच्या दाराने चढलेला फ्रिज

कंडक्टरकाकांचा नोकरीत दोनच गोष्टींवर विश्वास होता: स्वतःच्या डोळ्यांवर आणि बसच्या पुढच्या दारावर. चढायचं तिथून, उतरायचं तिथून, आणि मधे उभे काका. मागच्या दाराने घुसणाऱ्याची गय नाही. लग्नाला चार दिवस होत नाहीत तोच बायकोची थोरली बहीण, ताई, पेटी घेऊन घाईघाईने मागून चढली. या गृहस्थाने तिला पेटीसकट खाली उतरवलं, पुढून चढवलं आणि वर तिकीटही फाडलं. "भाऊजी, आहेर झकास दिलात हो!" ताई भर बसमध्ये म्हणाली होती.

निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, नाहीतर शेजाऱ्यांना सल्ले देतात. काकांनी मोडीत निघालेली एक रुग्णवाहिका घेतली. आत फळ्यांचा पलंग ठोकला, खिडक्यांना पडदे लावले, टपावर सोलर पॅनल बसवलं. म्हातारा कामातून गेला, असं गल्लीने ठरवून टाकलं.

म्हाताऱ्याचं डोकं चांगलं जागेवर होतं. काकूंना सांध्यांचं दुखणं होतं आणि त्यावरची इंजेक्शनं कायम थंड ठेवावी लागत. ताईचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर. तितका वेळ बर्फ टिकत नाही, आणि ताईचे गुडघे गेलेले, त्यामुळे तीही येऊ शकत नाही. दोघी बहिणी फोनवर भांडायच्या. भांडण संपलं की दोन्हीकडे एकदम शांत व्हायचं. भांडण काकांना चालायचं, ती शांतता सोसायची नाही.

म्हणून गाडीत छोटा फ्रिज आला आणि त्याच्यासाठी इंजिनच्या बॅटरीहून वेगळी, फक्त आतल्या घरासाठीची एक मोठी बॅटरी आली. आता प्रश्न एकच उरला: तिच्यात किती जीव उरलाय, हे कळायचं कसं?

बॅटरीच्या दुकानातल्या बाई हातातलं काम न सोडता बोलत. काकांनी काउंटरवरचं एक स्वस्तातलं मीटर उचललं.

"हे चालेल?"

"शोभेला चालेल," बाई म्हणाल्या. "काका, हे फक्त व्होल्ट दाखवतं. पंखा लावला की बॅटरी रडते, बंद केला की हसते. तिच्या तोंडाकडे बघून पोटात किती आहे ते कळत नाही."

"मग?"

बाईंनी दुसरा डबा उघडला. आत पितळेचा एक जाड ठोकळा आणि गोल स्क्रीन. "हा शंट. बॅटरीच्या काळ्या वायरीत बसवायचा. आत किती करंट गेला, बाहेर किती आला, सगळं मोजतो आणि टक्के सांगतो."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे दारात कंडक्टर उभा!"

"तसंच समजा. एक फोनवर दिसणारा येतो, एक असा स्क्रीनवाला."

"फोन नको. आमची ही फोन हातात घेतला की बहिणीलाच लावते. आकडा पलंगावरून दिसला पाहिजे."

स्क्रीनवाला घेतला. काकांनी बॅटरी तुडुंब चार्ज केली, स्क्रीनला 'हे शंभर' असं सांगितलं आणि मोठ्या अभिमानाने वायरी जोडल्या. मग घरासमोरच रंगीत तालीम ठेवली. पॅनल मुद्दाम बंद, दिवा, पंखा, फ्रिज चालू, आणि मुक्काम गाडीत. काकूंनी पदराखालून एक डबा आणून फ्रिजमध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पलंगावर उठून बसल्या. "अहो, हा गप्प का झालाय?"

"गार झाला असेल. आकडा बघ की! अठ्ठ्याऐंशी टक्के!"

काकूंनी आकडा बघितला नाही, फ्रिज उघडला. आतून कोमट वास आला. काकांनी आतला डबा चाचपला. "तुझी इंजेक्शनं..."

"घरच्या फ्रिजमध्ये आहेत," काकू म्हणाल्या. "इथे लोणी ठेवलं होतं. त्याचं तूप व्हायला आलंय. तुमच्या कुठल्या नव्या गोष्टीवर मी पहिल्याच दिवशी विश्वास ठेवलाय? तुम्ही सोडून."

काकांना एरवी या अविश्वासाचा राग आला असता. आज त्यांना त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यांनी दुकानात फोन लावला. बाईंनी एकच विचारलं, "सगळ्या काळ्या वायरी शंटमधूनच घेतल्यात ना?"

"सगळ्या! फक्त फ्रिजची तेवढी थेट बॅटरीला. हिच्या औषधाचा फ्रिज, म्हटलं त्याला स्पेशल लाइन."

"काका, म्हणजे सगळ्यात खादाड पाहुणा मोजलाच नाही. बॅटरी उतरली तसा फ्रिज आपणहून बंद पडला; स्क्रीनला काय, थेंबभर पुरते. स्क्रीनवर खाली बारीक व्होल्ट दिसत होते, ते तरी बघायचे."

"ते खोटं बोलतात, तुम्हीच म्हणालात."

"खोटं नाही हो. उशिरा बोलतात."

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. "आयुष्यभर कुणाला मागच्या दाराने चढू दिलं नाहीत," त्या हसता हसता म्हणाल्या, "माझ्या सख्ख्या बहिणीला उतरवलंत! आणि फ्रिजला मागून घेतलंत?"

"तुझा होता म्हणून," काका पुटपुटले.

वायर वीतभर सरकवायची होती, सरकवली. पुन्हा तालीम झाली. या वेळी आकडा खरं बोलत खाली उतरला, पॅनल चालू केल्यावर वर चढला. त्या संध्याकाळी काकू घरात गेल्या आणि इंजेक्शनांचा डबा स्वतःच्या हाताने आणून गाडीतल्या फ्रिजमध्ये ठेवला. काका उगीचच आरसा पुसायला बाहेर गेले. आरसा स्वच्छच होता.

दोन दिवसांनी गाडी ताईच्या फाटकाशी थांबली. काकूंनी सगळ्यात आधी इंजेक्शनांच्या डब्याला गाल लावून बघितलं. गार होता. ताई काठी टेकत आली, बहिणीच्या गळ्यात पडली, मग गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघू लागली.

"आत घर आहे म्हणे. पण ही पायरी मला जमायची नाही बाई."

काका मागे गेले. रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडून त्यांनी स्ट्रेचरसाठीची जुनी उतरण खाली सोडली आणि हात पुढे केला. "ताई, मागून या."

ताईने डोळे बारीक केले. "मागून? बरे आहात ना, भाऊजी?"

"या हो. तुमच्याआधी फ्रिज येऊन गेलाय."

"आणि तिकीट?"

"त्या वेळचं अजून चालतंय."

ताई वर चढून पलंगावर बसली आणि बसता क्षणी बहिणीला म्हणाली, "किती वाळलीस! आणि यायला एवढी वर्षं?" काकूंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं. भांडण जुंपलं. काका उतरणीवरच टेकले. फ्रिज घुरघुरत होता, पलीकडे आकडा दिसत होता, पण त्यांनी तिकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने भांडण संपलं. गप्प मात्र कुणी बसलं नाही.